भूमिकेला नऊ गुण

सुरुवातीलाच माफी मागतो. या अंकात कामाबद्दल लिहिणारी माणसं एकेका जागी तीस-पस्तीस वर्षं घासलेली असतात. मागच्या दिवाळीला कारखान्याच्या प्रेस शॉपमधल्या एका काकांनी लिहिलं होतं. मशीननं त्यांची दोन बोटं नेली होती, तरी त्या मशीनबद्दल ते मायेनं लिहीत होते. माझ्या कामाला धड अडीच वर्षं झालेली नाहीत, तेही आठवड्यातून दोन दिवस. बाकीचे दिवस मी मानसशास्त्राच्या एम.ए.ला असतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. हे नक्की कशाचं शिक्षण आहे, असं घरचे अजून विचारतात आणि मला अजून नीट सांगता येत नाही. अशा माणसानं अनुभव सांगायला बसावं हे मलाच पटत नव्हतं. संपादकांना मी दोनदा नाही म्हणालो. मग त्यांनी फोनवर विचारलं, "कामात कधी मोठी चूक झाली का?" मी म्हणालो, झाली. ते म्हणाले, "मग तेवढंच लिहा."

तेवढंच लिहितो. नावं बदलली आहेत, आणि ज्यांना विचारायला हवं होतं त्यांना विचारलं आहे.

माझं काम म्हणजे मरणाचा विचार करणाऱ्या जवानाचं सोंग घेणं. असं एका वाक्यात सांगितलं की ऐकणारा दचकतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आपल्या भागात एक लष्करी तळ आहे, त्याचं नाव लिहीत नाही. तिथं भरती होऊन वर्ष-दोन वर्षं झालेली मुलं असतात. वय वीस, एकवीस. त्यांच्यासाठी आत्महत्या टाळण्याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण असतं. चिंचवडच्या एका लहान संस्थेतल्या देशमाने मॅडम ते घेतात आणि मी त्यांचा मदतनीस.

लोकांना वाटतं, आम्ही त्या मुलांना आयुष्य किती सुंदर आहे यावर भाषण देतो. तसं काही नाही. आम्ही त्यांना शेजारच्या खाटेवरच्या माणसाकडे बघायला शिकवतो, कारण डॉक्टरांच्या आणि साहेबांच्या आधी बदल त्या शेजाऱ्यालाच दिसतो. एखाद्याची झोप उडालेली असते, कुणी बोलायचा बंद होतो, कुणी जपलेल्या वस्तू वाटून टाकतो. असं दिसलं की सरळ शब्दांत विचारायचं, 'तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?' आणि तो हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, सोबत घेऊन दवाखान्यापर्यंत जायचं. शिकवण्यासारखं एवढंच आहे.

यातलं विचारणं सगळ्यात अवघड. विचारलं तर नसलेला विचार त्याच्या डोक्यात शिरेल, अशी भीती जवळपास प्रत्येकाला असते. मॅडम पहिल्याच तासाला सांगतात की तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणसाला बोलायला वाट मिळते. सगळे माना डोलावतात. मग प्रत्यक्ष विचारायला उभं केलं की तोंडाला कुलूप.

त्यासाठी आमच्याकडे कार्डं आहेत. एकेका कार्डावर एकेका माणसाची परिस्थिती लिहिलेली असते. एकानं कार्ड वाचून तो माणूस व्हायचं, दुसऱ्यानं त्याला विचारायचं. पहिल्या दिवशी सगळ्या कार्डांतला माणूस मी होतो. दुसऱ्या दिवशी मुलं आपापसांत जोड्या करून सराव करतात आणि मी तक्ता घेऊन गुण देत फिरतो. मुलं मला 'पेशंट' म्हणतात. "पेशंट आला रे," अशी आरोळी देऊनच तास सुरू होतो.

हे काम मी का धरलं, तेही सांगायला हवं. बारावीनंतर मीही भरतीला पळालो होतो. निघोज्यातून सकाळी कंपन्यांच्या बसेस सुटायच्या आत आम्ही आठ-दहा जण रस्त्यावर पळायचो. आमच्यातला एक जण लागला, तेव्हा चौकात त्याचा गणवेशातला एवढा मोठा फ्लेक्स लागला. मी मात्र पळण्याच्या चाचणीत काही सेकंदांनी राहिलो. त्यामुळे तळाच्या गेटवर मोबाइल जमा करून, टोकन घेऊन आत शिरलो की मला अजून छातीत काहीतरी होतं. जे व्हायचं होतं त्याचं सोंग घ्यायला मी आत जातो, आणि ते सोंगही असं.

पहिल्याच आठवड्यात मला एक धक्का बसला. मी खुर्चीत कार्डातला माणूस होऊन बसलो होतो. समोर सांगलीकडचा एक धिप्पाड जवान. तो हजेरी घेतल्यासारखा खणखणीत आवाजात म्हणाला, "तू मरणार आहेस का? हो की नाही?" सगळी खोली हसली. मीही हसायला हवं होतं, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भरतीत राहिलो त्या उन्हाळ्यात मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी तेव्हा तशा विचारात होतो असं नाही, पण कुणी विचारलं नव्हतं एवढं खरं. मॅडमनी ते पाहिलं आणि त्या दिवसापासून माझ्यासाठी एक नियम केला. कार्ड संपलं की उभं राहायचं, हात झटकायचे, आणि मोठ्यानं आपलं नाव, गाव आणि सकाळी काय खाल्लं ते सांगायचं. "मी सोमनाथ, निघोजे, सकाळी चहा-चपाती." याला आम्ही 'उतरणं' म्हणतो. सोंगातून उतरल्याशिवाय कुणी खोलीबाहेर जायचं नाही. मुलांना याची फार गंमत वाटायची. एक जण तर दर वेळी "सकाळी मटण" असं सांगायचा.

दुसरा धक्का सुभेदार साहेबांचा. ते मागच्या बाकावर देखरेखीला बसायचे. निवृत्तीला आलेले, मिश्या पांढऱ्या. पहिले दोन महिने ते मला ऐकू जाईल असं म्हणायचे, "आमच्या वेळी हे असलं काही नव्हतं." एकदा चहाच्या सुट्टीत मी एकटाच कार्डं लावत होतो. ते जवळ येऊन उभे राहिले.

"कलाकार," मला ते असंच म्हणायचे, "मी जे म्हणतो ना, आमच्या वेळी नव्हतं, ते खोटं आहे. होतं. आम्ही त्याला अपघात म्हणायचो."

आणि त्यांनी एक नाव सांगितलं. नुसतं नाव, पुढं काही नाही. मग कप ठेवून बाहेर गेले.  त्यांना त्या माणसाचं नाव इतक्या वर्षांनी वडिलांच्या नावासकट पाठ होतं.

आता चूक.

दुसऱ्या दिवसाच्या सरावात एक अडचण यायची. कार्डातला माणूस होणारी मुलं फार हसायची. "माझं लग्न मोडलं" असं म्हणून खो-खो हसायची, आणि समोरच्याचा सराव वाया जायचा. त्यावर मी स्वतःच्या डोक्यानं एक उपाय काढला. तक्त्यात विचारणाऱ्याला दहापैकी गुण असायचे. मी शेजारी आणखी एक रकाना आखला, 'भूमिका', आणि त्यालाही दहापैकी गुण द्यायला लागलो. सगळ्यात चांगली भूमिका करणाऱ्यासाठी टाळ्या. मुलं एकदम सुधारली. फौजेत स्पर्धा म्हटलं की विषय कुठलाही असो, माणसं पेटतात. मॅडम म्हणाल्या, "बरं सुचलं तुला." मी घरी जाऊन आईला सांगितलं की मॅडमनी माझी पद्धत घेतली. इतका आनंद मला एम.ए.ला प्रवेश मिळाल्यावरही झाला नव्हता.

गेल्या पावसाळ्यात एक बॅच आली, बहुतेक मराठी मुलांची. तास दुपारचा होता आणि त्यानंतर लगेच खेळ, म्हणून सगळे पांढरे टी-शर्ट आणि खेळाचे बूट घालून यायचे. त्यात बीडकडचा ज्ञानोबा नावाचा जवान होता. तोंडाचा फटकळ, बारीक अंगाचा. त्याच्या पायात निळे, भारीतले पळायचे बूट होते, पण मापापेक्षा चांगले दोन नंबर मोठे. तो चालला की चपक-चपक आवाज यायचा.

"बदक आलं रे बदक," पोरं ओरडायची.

"हसा," तो म्हणायचा, "तुमच्या बापानं पाहिलेत का असले बूट?"

"आरं पण तुझ्या पायात दोघं मावतील की."

"मग ये, तू बी शिर."

त्याच्या जोडीला प्रदीप होता, लातूरकडचा. उंच, शांत, बॅचमधला सगळ्यात चांगला पळणारा, असं सुभेदार साहेबांनी मला सांगितलं होतं. दोन्ही दिवस तो फारसा बोलला नाही. मी त्याच्या नावापुढं 'लाजाळू' असं लिहिलं होतं. ते कागद अजून माझ्याकडे आहेत.

दुसऱ्या दिवशीचा शेवटचा सराव या जोडीचा होता. प्रदीपला चार नंबरचं कार्ड आलं. त्यावर एवढंच लिहिलेलं आहे: रजा नामंजूर झाली, घरी भांडण चालू आहे, आठ दिवस झोप नाही. प्रदीपनं कार्ड वाचलं, दुमडून मांडीखाली ठेवलं, आणि खुर्चीत बसून खाली बघत बोलायला लागला. आवाज अगदी साधा होता.

"गावात माझा फ्लेक्स लागला होता. अजून आहे. बहीण म्हणते, दादा, पावसानं तुझा चेहरा गेला, पण ड्रेस दिसतो. आता मी माघारी कसा जाऊ? आईचा फोन आला की मी लवकर ठेवतो, ती जेवलास का विचारते म्हणून. खोटं किती वेळा बोलायचं. पळायचा कंटाळा आलाय. मी, ज्यानं कधी पळायचा कंटाळा केला नाही. पळायचे बूट देऊन टाकले. मला आता लागायचे नाहीत ते."

 मागं कुणीतरी "वा" म्हणालं. मी ज्ञानोबाकडे पाहिलं. आता त्यानं विचारायचं होतं. तो विचारेना. तोंड उघडं, नजर जमिनीकडे. मी हळूच म्हणालो, "विचार, ज्ञानोबा. सरळ विचार." तो नुसता बसून राहिला. दोन दिवस सगळ्यांची फिरकी घेणारा माणूस, आणि ऐन वेळी दातखीळ. मी तक्त्यात लिहिलं: ज्ञानोबा, दहापैकी दोन, 'प्रश्न विचारला नाही'. प्रदीप, भूमिका, दहापैकी नऊ.

नऊ मी त्याआधी कुणालाच दिले नव्हते. मी उभा राहिलो आणि सगळ्यांना म्हणालो, "बघा, भूमिका अशी करायची असते. टाळ्या वाजवा." चाळीस जणांनी टाळ्या वाजवल्या. प्रदीप हसला. हसला म्हणजे ओठ थोडे हलले. तेवढ्यात बाहेर खेळाची शिट्टी झाली आणि सगळे उठून पळाले. तोही गेला. त्याला नाव, गाव, सकाळी काय खाल्लं, हे विचारायचं राहिलं. मॅडम शेजारच्या खोलीत दुसरी तुकडी घेत होत्या. मी तक्ता बॅगेत टाकला आणि खुशीत बस पकडली.

तळवड्याला कंटेनरांची रांग लागली होती, घरी पोचायला साडेसहा झाले. वडील गोदामात फोर्कलिफ्ट चालवतात, त्यांची दुसरी शिफ्ट होती. आई नुकतीच कामावरून आली होती. ती कंपनीच्या कँटीनला चपात्या करते. हातपाय धुऊन तिनं चहा टाकला आणि नेहमीसारखं विचारलं, "आज काय झालं तुमच्या नाटकात?"

मी रंगवून सांगितलं. प्रदीप कसा बसला, आवाज कसा लावला, नऊ गुण, टाळ्या. फ्लेक्सचं सांगितलं, आईच्या फोनचं सांगितलं, बुटांचं सांगितलं. ती चहा गाळत होती. गाळणी तशीच हातात धरून तिनं विचारलं,

"ते बूट दिल्याचं तुमच्या कागदावर लिव्हलेलं व्हतं का?"

"नाही. त्यानं मनानं घातलं."

"आन् आईचा फोन? ते जेवलास का म्हनती, ते?"

"तेही मनानंच."

"मनानंच म्हंजे?" ती माझ्याकडे बघत म्हणाली. "सोमा, आसं कुनी मनानं घालतं व्हय रं?"

मी बॅगेतून चार नंबरचं कार्ड काढलं. रजा, भांडण, झोप. तीन ओळी. बूट नव्हते. फ्लेक्स नव्हता. आई नव्हती. आणि 'जपलेल्या वस्तू वाटून टाकतो' हे वाक्य दर बॅचला पहिल्या तासाला फळ्यावर मी स्वतःच्या हातानं लिहितो. त्या दिवशीही लिहिलं होतं. ते माझ्यासमोर एका माणसानं जसंच्या तसं बोलून दाखवलं आणि मी त्याला नऊ गुण दिले. एक गुण कशाचा कापला, तेही आठवलं. आवाज मागच्या बाकापर्यंत नीट पोचला नाही म्हणून.

 चहा तसाच राहिला.

आता पुढचं लिहायला जास्त जड जातं. लगेच फोन करायला हवा होता. मी केला नाही. मी बाहेर जाऊन कंपनीच्या भिंतीपर्यंत चकरा मारत राहिलो. मनात एकच चाललं होतं: आपला गैरसमज असेल. तो चांगला नट असेल. फौजेचं काम आहे, आपण एका फोननं त्याच्या नोकरीत काहीतरी घोळ करून ठेवू. मॅडम म्हणतील, याला भूमिका आणि खरं यातला फरक कळत नाही, याला ठेवला कुणी? दोन दिवस चाळीस मुलांना मी सांगत होतो की विचारायला लाजू नका, चुकलात तरी चालेल. आणि मला एक फोन करायची लाज वाटत होती. एक तास गेला. पूर्ण एक तास.

परत आलो तर आई दारातच होती. "केला फोन?"

"करतो."

"मी लावू? मला न्हाई यायचं तुझ्या मॅडमसंगं बोलाया, पन मी बोलते."

मग मी लावला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "उतरवलं होतंस का त्याला?"

"शिट्टी झाली, मॅडम."

 "ठेव फोन," त्या म्हणाल्या. मला वाटलं रागावल्या. त्या घाईत होत्या. वीस मिनिटांनी त्यांचा परत फोन आला. "अधिकाऱ्यांशी बोलले. ते स्वतः जाऊन बघतायत. आता आपल्या हातात काही नाही. जेवून घे."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना विचारलं, काय झालं? त्यांनाही माहीत नव्हतं. "अधिकारी एवढंच म्हणाले की कळवलंत ते बरं केलंत. याच्या पुढचं ते आपल्याला सांगणार नाहीत, सोमनाथ, आणि सांगूही नये. त्याचं दुखणं त्याचं आहे. ते बाहेर वाटत फिरायचं नसतं."

हे बरोबर होतं. मीच मुलांना गुप्ततेबद्दल शिकवतो. पण त्याचा अर्थ असा झाला की तो माणूस जिवंत आहे की नाही, हे मला कळायला काहीच मार्ग नव्हता. 'कळवलंत ते बरं केलंत' हे वाक्य मी किती वेळा उलटंपालटं करून पाहिलं असेल. वेळेत कळवलंत, असं ते म्हणाले नव्हते.

पाच महिने गेले. 'भूमिका' हा रकाना मी खोडला. काम सोडायचं म्हणून मॅडमकडे गेलो. त्या म्हणाल्या, "सोड. पण पुढची बॅच घेऊन मग सोड." प्रत्येक बॅचला त्या हेच म्हणाल्या. त्या बॅचचे सुभेदार साहेब मध्यंतरी निवृत्त होऊन गावी गेले, आणि ती मुलं काही पुन्हा तासाला यायची नव्हती, त्यामुळे विचारावं असंही कुणी उरलं नाही. पेपर उघडला की मी आधी आतल्या पानावरच्या बारक्या बातम्या बघायचो. आणि फ्लेक्स. आपल्याकडे अभिनंदनाच्या आणि श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर फोटो बहुधा एकच असतो, गणवेशातला, पासपोर्टचा मोठा केलेला. लांबून दोन्ही सारखेच दिसतात. एकदा चाकणच्या चौकात बस अडकली असताना खिडकीतून गणवेशातल्या एका मुलाचा फ्लेक्स दिसला. उंच मान, तसाच चेहरा वाटला. खालची अक्षरं एका टेम्पोनं झाकली होती. मी बसमधून उतरलो, गाड्यांच्या मधून मागं चालत गेलो. वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या, दुसऱ्याच कुणाला. मी तिथंच दुभाजकावर बसलो. एक रिक्षावाला म्हणाला, "काय राव, चक्कर आली का?" मी म्हणालो, हो.

डिसेंबरात तळावर अशीच एक नवी बॅच होती. या वेळी युनिटनं जुन्या बॅचमधले दोन जवान मदतीला पाठवायचं ठरवलं होतं, नव्यांना अनुभव सांगायला. मी फळ्यावर लिहीत होतो. मागून आवाज आला, "पेशंट, ओळखलं का?"

ज्ञानोबा होता. अंगानं थोडा भरला होता.

"ओळखलं की. बस."

"बसतो. पण आधी हिशेब. तुम्ही मला दोन दिले होते. दहातले दोन. अख्ख्या बॅचमधे सगळ्यात कमी. पोरं आजून मला दोन नंबरी म्हनतात."

 खरं तर मला त्याला एकच विचारायचं होतं आणि ते तोंडातून निघत नव्हतं. त्याच्या त्या दिवशीच्या उघड्या तोंडाची मला आठवण झाली.

तो खुर्ची ओढून जवळ बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मला त्या दिवशी बोलता येत नव्हतं असं वाटलं ना तुम्हाला? आवो, तो म्हनला ना, बूट देऊन टाकले. ते माह्या पायात होते."

मला नीट ऐकू आलं होतं, तरी मी म्हणालो, "काय?"

"निळे. ते त्याचे. आदल्या रविवारी मला म्हनला, घे, तुला ठेव. मी येडा, खूश झालो. मोठे होते तरी घातले. आन् खुर्चीत बसून त्यानं तसं म्हटल्यावर मी खाली माह्या पायाकडं बघितलं. मग कसलं तुमचं वाक्य आन् कसलं काय. सगळ्यांसमोर कसं विचारू? आन् तुम्ही टाळ्या वाजवायला लावल्या."

"हो," मी म्हणालो. "मी लावल्या."

"शिट्टी झाली तसा मी ग्राउंडवर गेलोच नाही. त्याच्या मागं मागं गेलो, चपक-चपक. पान्याच्या टाकीपाशी धरला. कागदावरचं काही आठवंना. म्हटलं, बूट का दिलेस, खरं सांग. मरायचा विचार करतोस का? आसंच, आडदांडासारखं विचारलं. आधी मला ढकललं त्यानं. मग खाली बसला. मग हो म्हनला. मी बी बसलो. लई वेळ बसलो. मग त्याचा हात धरला तो दवाखान्यापर्यंत सोडलाच नाही, तुम्ही सांगितलं होतं ना, एकटं सोडायचं नाही. मधे त्याला लघवीला जायचं होतं, तर मी दारात उभा. तुमच्या मॅडमचा फोन साहेबांकडं आला, तेव्हा आम्ही डॉक्टरपुढं बसून घंटाभर झाला होता."

म्हणजे मी घराबाहेर भिंतीपर्यंत चकरा मारत होतो तेव्हा. मी ज्याला दोन दिले, त्यानं तो तास वापरला होता.

"मग त्याला मोठ्या हॉस्पिटलला हलवलं," ज्ञानोबा सांगत होता. "मला बी जाऊ देईनात." एवढ्यात नव्या बॅचची मुलं आत यायला लागली, बाकं सरकली, आणि तो कुणालातरी हात करायला वळला.

माझी नजर त्याच्या पायांकडे गेली. पायात साधे काळे बूट होते, बरोबर त्याच्या मापाचे. आत आला तेव्हा तो चपक-चपक आवाज आला नव्हता, हे मला तेव्हा लक्षात आलं.  मी त्याचा दंड धरला. दोन दिवसांच्या प्रशिक्षणात जे शिकवतो तसं काही मला जमलं नाही. मी एवढंच म्हणू शकलो, "ज्ञानोबा, ते निळे बूट कुठं आहेत?"

त्यानं आधी माझ्या हाताकडं पाहिलं, मग माझ्या तोंडाकडं, आणि त्याला कळलं की मला काहीच माहीत नाही.

"आवो," तो म्हणाला, "नेले की त्यानं परत! दिवाळीनंतर ड्यूटीवर आला आन् मागच्या आठवड्यात माह्या खाटंपाशी येऊन उभा. म्हनला, क्रॉस कंट्रीत उतरतोय, बूट दे. म्हटलं, दिलेली वस्तू मागायला लाज नाही वाटत? म्हनला, नाही वाटत. आन् वरून शिव्या दिल्या ओ मला, की घासत चालून चालून टाचा झिजवल्यास माझ्या बुटांच्या."